तन्वीचा नारळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला नाही. आई शेवटची आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी बसून एकदा अगदी ओठांवर आलं होतं — गिळून टाकलं. आज तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. घरच्यांपुढे जे जमत नाही ते परक्यापुढे जमतं, ही काही मोठी मर्दुमकी नव्हे, मला कळतं. पण निदान सुरुवात तरी खरी करावी.

गोष्ट माझ्या भाचीची आहे. तन्वीची. ती आठ वर्षांची होती तेव्हा मी तिच्याबद्दल एक खोटं बोललो. फार लांबलचक नव्हतं ते, एका दमात बोलून झालं. पण आमच्या घरात ते इतकं मुरलंय की आता खरं काय घडलं ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. तन्वीलासुद्धा नाही.

थांबा — असं एकदम नको. आधी तो मे महिना सांगू द्या. तुम्हाला वाटेल हा वेळ काढतोय. काढतोयच. पण तो महिना खरंच चांगला होता हो, आणि मी काय घालवलं ते त्याशिवाय कळायचं नाही.

आमचं गाव साजगावच्या खालच्या अंगाला, पाताळगंगेच्या काठी. आता एका बाजूने कारखान्यांच्या भिंती आणि दुसऱ्या बाजूने मुंबईकरांचे फार्महाउस असे सरकत आलेत की मधे आमची घरं कशीबशी उरली आहेत. तेव्हा नदीकडे जायची पायवाट मोकळी होती. आणि आमच्या नदीची एक गंमत आहे. बाकीच्या गावांच्या नद्या शिमग्यानंतर आटतात, आमची मे महिन्यातही वाहते. वर घाटाच्या पायथ्याला वीजघर आहे, तिथलं पाणी रोज सुटतं. सकाळी घोट्याएवढी असलेली नदी तिसऱ्या प्रहरी कमरेला लागते. गावातल्या शेंबड्या पोरालाही ती वेळ माहीत असते. काठाचे कोरडे धोंडे भिजायला लागले की ‘पानी आलं रं’ अशी हाळी उठायची आणि बारकी पोरं निमूट बाहेर यायची.

ताई माझी मोठी बहीण, रसायनीला दिलेली. भावोजी तिथल्याच कारखान्यात. पोरांच्या शाळेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी तिची भाड्याची मिनीडोर रिक्षा आमच्या दारात. आधी उतरायची तन्वी — पुढचे दात नुकतेच आलेले, चेहऱ्याच्या मानाने मोठे, आणि अखंड बडबड. ‘मामा, तू चुकतोयस’ हे तिचं आवडतं वाक्य. तिच्यामागून उतरायचा ओम. चार वर्षांचा, गोलमटोल, गप्प आणि बारा महिने चिकट. तो स्वतःची उशी घेऊन यायचा. आमच्या घरात उशा नसाव्यात असं त्याला का वाटायचं, कोण जाणे. शेवटी पिशव्या सांभाळत ताई, तीही महिनाभर राहायलाच.

मग महिनाभर घराला घरपण यायचं. आई पोह्याचे पापड करायला घ्यायची आणि या दोघांना कावळ्यांच्या राखणीला बसवायची. राखणीचा मोबदला म्हणजे तेलात बुडवलेल्या कच्च्या लाट्या. दुपारपर्यंत खाटेवर पापड कमी आणि यांच्या पोटात लाट्या जास्त. कावळे परवडले, असं आई म्हणायची आणि पुढची लाटी स्वतःच हातावर ठेवायची. ओम त्या खाटेखालीच झोपायचा. वरून पापडांच्या सावल्या त्याच्या पोटावर पडायच्या आणि आम्ही त्याला ठिपक्यांचा ओम म्हणायचो. आंबे चोखताना कोय कुणाची यावरून रोज मारामारी. फणस कापला की तन्वी हातांना खोबरेल लावून आबांच्या शेजारी मांडी ठोकून बसायची, गरे सोलायला. आबा म्हणजे माझे वडील, सगळं घर त्यांना आबाच म्हणतं. फणसाच्या आठळ्या चुलीच्या राखेत भाजायचं काम माझं. त्यांचा वास अजूनही कुठे आला की मी उगाच थबकतो.

मी तेव्हा खोपोलीच्या एका कारखान्यात कंत्राटी होतो, पहिली पाळी. तीनच्या सुमाराला घरी यायचो तर ओटीवर हे दोघे तयार. ओम तर पाठीवर कॅन बांधूनच जेवायला बसलेला असायचा. भाताचा घास घ्यायला वाकला की कॅन डोक्यावर यायचा, पण सोडू द्यायचा नाही.

कॅनचं सांगायला हवं. आमच्याकडे पोहायला असंच शिकवतात. गोडेतेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन, झाकण घट्ट लावलेलं, जुन्या लुगड्याच्या पट्टीने पाठीला बांधायचा, की पोर बुडत नाही. आबांनी मला असंच शिकवलं, त्यांच्या वेळी कॅनच्या जागी सुका भोपळा होता. आबांचा एकच दंडक — गाठी दोन मारायच्या, आणि मारून झाल्या की ओढून बघायचं. ‘एका गाठीला पानी घाबरत नाय,’ असं ते म्हणायचे. ओली पट्टी सैल होते, पहिली गाठ सरकते. दुसरी असली की धरून राहते.

आणि घरची एक रीत होती. पोराने कॅनशिवाय डोह ओलांडला — आमच्या बाजूच्या उथळ्यापासून पलीकडच्या कातळापर्यंत — की त्याच्या नावाने आबा नदीला नारळ वाहायचे आणि तिथेच फोडून सगळ्यांना खोबरं वाटायचे. पहिला तुकडा पोहणाऱ्याचा. माझ्या नारळाला मी नऊ वर्षांचा होतो. ताईने कधी डोह ओलांडला नाही, तिच्या वेळी मुलींना कुणी पाण्यात उतरवत नसे, आणि ती सल तिने बोलून दाखवलेली मला आठवते. म्हणून तन्वीचा नारळ आबांनी त्या वर्षी आधीच आणून ठेवला होता. देव्हाऱ्यात, गणपतीच्या उजव्या हाताला. घरातला पहिला मुलीचा नारळ. तन्वी रोज सकाळी आंघोळ झाली की त्याला बोट लावून यायची. माझ्या हाताच्या आधाराने ती आता कॅनशिवाय पाय मारत होती, नाकातोंडात पाणी गेलं तरी बडबड चालूच. आणखी आठवडाभरात तिचं जमलं असतं.

हे सगळं आठवलं की बरं वाटतं. वाटायला नको, पण वाटतं. इथेच थांबलो तर? — नाही, थांबून चालणार नाही.

त्या उन्हाळ्यात माझं लग्न जुळत होतं. मुलगी चौक गावची, हायवेला तिच्या वडिलांचं गॅरेज. बघण्याचा कार्यक्रम झालेला, सुपारी फुटायची होती. सुपारीच्या आधी मुलामुलीने बोलायचं नाही, हा आबांचा आणखी एक दंडक. आम्ही अर्थात बोलत होतो. चारच्या सुमाराला तिचा मिस्ड कॉल यायचा, मी उलट फोन करायचो. नदीत रेंज नव्हती. रेंज होती वर, बैलगाडीच्या वाटेवरच्या वडाखाली. ती मुलगी आता माझी बायको आहे. तिचा यात काडीचाही दोष नाही, तिला तर मी कुठून बोलतोय हेही माहीत नव्हतं.

तेव्हा रोज असं चालायचं: पोरांना पाण्यात घालायचं, चार वाजत आले की बाहेर काढून वाळूत बसवायचं, वर जाऊन फोन करायचा, परत यायचं. त्या दिवशी पाळीवरून यायला उशीर झाला. पोरं खट्टू झालेली. नदीवर पोचलो तेव्हाच चार होत आले होते. ओमला पाण्यात जायची घाई, मला वर जायची घाई. त्याच्या पाठीवर कॅन ठेवला, पट्टी छातीवरून घेतली, एक गाठ मारली.

‘मामा, दुसरी?’ तन्वी म्हणाली.

‘पुरे गं. काठालाच तर खेळणार हाय. बघ त्याच्याकडं, मी आलोच.’

तिने विचारलं होतं, हे लक्षात ठेवा. मी कितीही प्रयत्न केला तरी मला ते विसरता येत नाही. आणि ती वेळ पाणी यायची होती, हेही मला माहीत होतं. गावातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं म्हणून मघाशी सांगितलं ना? मला माहीत नसेल का?

वडाखाली उभा राहून मी बोलत होतो. काय बोलत होतो? काहीही नाही. तिने त्या दिवशी आमरस केला होता आणि तो पातळ झाला होता. यावर आम्ही हसत होतो. तिथून नदीचा खालचा वळसा दिसतो. हसता हसता माझी नजर तिकडे गेली आणि मला कॅन दिसला. पांढरा कॅन, मागे लुगड्याची पट्टी लोंबतेय, संथ वाहत चाललाय. नुसता कॅन.

कसा धावलो ते आठवत नाही. पायात चप्पल नव्हती एवढं नंतर कळलं. येऊन बघतो तर उथळ्यात कुणी नाही. डोह काठोकाठ भरलेला. आणि पलीकडे, कातळावर, तन्वी. ओमला पालथा मांडीवर घेऊन त्याच्या पाठीवर थापट्या मारत होती, आबा करून दाखवतात तशा. ओम खोकत होता.

ती कॅनशिवाय गेली होती. त्याला धरायला ती भरल्या डोहात शिरली, मधे त्याला गाठलं, आणि पलीकडचा काठ जवळ म्हणून त्याला घेऊन तिकडे गेली. आठ वर्षांची पोर. मी तिथे नव्हतो. मी काहीही केलं नाही. मी पोहत पलीकडे गेलो ते सगळं झाल्यावर — ओमला पाठीवर घेतलं, तन्वीला खांदा धरायला सांगितलं आणि दोघांना अलीकडे आणलं. मी भिजलो तो एवढ्यासाठी.

वाळूत बसलो. तन्वीचे दात थंडीने वाजत होते. ओठ निळे पडलेले. रडत नव्हती. माझ्याकडे बघून तिने पहिलं काय विचारलं असेल?

‘मामा, आता माझा नारळ ना?’

मी हो म्हणालो. म्हणालो, हो गं बाय, तुझाच. तेव्हा ते मनापासून म्हणालो होतो. मग पायवाटेवरून ताई येताना दिसली. मी वाटेने धावताना कुणीतरी पाहिलं होतं आणि घरी जाऊन सांगितलं होतं. ताई पदर सावरायचंही विसरून येत होती, तिच्यामागे आई, आणि आईच्या मागे काठी टेकत आबा.

तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात काय काय आलं ते सांगतो. कुठे होतास, असं विचारतील. वडाखाली. कशाला? मग फोन निघेल, मग सुपारीच्या आधी बोलणं निघेल, आबा सोयरीक मोडतील. एक गाठ का मारलीस? पाणी यायच्या वेळेला पोरांना एकटं टाकून? ताई पुन्हा या घरात पोरं पाठवेल का? हे सगळं येऊन गेलं. पण त्याच्याही खाली, खरं सांगायचं तर, नुसती लाज होती. पंचवीस वर्षांच्या बाप्याला आठ वर्षांच्या पोरीपुढे वाटते तशी. ती मला सोसवली नाही.

‘काय झालं रं बाळ्या? काय झालं माझ्या पोराला?’ ताई ओमला ओढून घेत म्हणाली.

‘कॅन सुटला,’ मी म्हणालो. ‘तन्वीनं गाठ सोडली. दोघं वाहत चालले व्हते, मी उडी टाकून काढलं.’

बस. एवढंच. झालं सांगून.

ताईने तन्वीच्या कानाखाली मारली. तशी ती मारणारी बाई नव्हे, पण जीव उडाला होता तिचा. तन्वी रडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही हो — रागाने पाहिलं असतं तर कदाचित… नाही, कदाचित काही नाही. मामा चुकतोय, आता स्वतःच सुधारेल, अशी ती बघत होती. रोज मी आठाचा पाढा मुद्दाम चुकवायचो तेव्हा बघायची तशी. वाट बघत होती ती. मी ओमच्या केसांतली वाळू झाडत बसलो.

संध्याकाळी ओटीवर चहा झाला. तन्वी कोपऱ्यातून म्हणाली, ‘आई, मी नाही —’ आणि ताई ओरडली, ‘एक शब्द बोलू नकोस.’ तन्वीने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी बशीत चहा ओतला आणि फुंकर घातली. आईला नातीची दया आली असावी. ती म्हणाली, ‘आगं पन सोडली कशाला ती गाठ? काय झालं व्हतं?’ तन्वी काय सांगणार? तेव्हा मीच मदतीला धावलो. म्हणालो, ‘आई, त्याला काचत असेल गं. म्हनून सैल केली असेल हिनं. बारीक हाय ती, तिला काय कळतंय.’

ओमला काही काचत नव्हतं. ते मी तिथल्या तिथे रचलं. आणि सगळ्यांना मी केवढा मोठ्या मनाचा वाटलो! आई तर म्हणाली, बघ, मामा किती जीव लावतो तुला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी देव्हाऱ्यातला नारळ काढला. मला वाटलं आत ठेवतील, पुढच्या वर्षासाठी. ते म्हणाले, चला नदीवर. सगळे गेलो. पाणी तेव्हा घोट्याएवढं होतं, डोह तेवढा हिरवा, गप्प. आबांनी नदीला हात जोडले, नारळ पाण्याला लावला आणि कातळावर फोडला. ‘माझ्या लेकानं काल कूळ राखलं,’ असं म्हणाले. आबा सहसा बोलत नाहीत असं. पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

मी तो खाल्ला. चावला, गिळला. सगळ्यांदेखत. तन्वीला तिचा तुकडा मिळाला, तो तिने ओमला दिला.

त्यानंतर तिने मला काही विचारलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही. एका लहान मुलीने किती वेळा सांगायचं? पुढच्या मे महिन्यात मिनीडोर आली, दोघे उतरले. मी कॅन बाहेर काढला तर ती म्हणाली, मी आजीबरोबर पापड करते. मग प्रत्येक उन्हाळ्यात तेच. ओम माझ्याकडे पोहायला शिकला, त्याचा नारळ झाला, आणि तन्वी घरी आईच्या हाताखाली पोहे, नाचणी, उडीद, सगळे पापड शिकली. पोरगी शहाणी झाली म्हणून आई कौतुक करायची. बडबड कमी झाली होती. ‘मामा, तू चुकतोयस’ ती पुन्हा कधी म्हणाली नाही.

मी तिचे फार लाड केले. हसू नका. फ्रॉक आणले, सायकल आणली, दहावीला घड्याळ आणलं. भाचीवर जीव असावा तर असा, असं भावोजी चारचौघांत सांगायचे. आणि ती गोष्ट? ती दर मे महिन्यात निघायचीच. आंब्यांची पाटी मधे ठेवून सगळे गोल बसले की ताई म्हणायची, ‘त्या वर्षी बाळ्या नसता तर…’ आणि सगळे माझ्याकडे वळायचे. सुरुवातीला मी उठून जायचो, पाणी प्यायच्या निमित्ताने. मग बसायला लागलो. मग सांगायलाही लागलो. मी चांगली सांगतो ती गोष्ट, खोटं कशाला बोलू. उडी कुठून मारली, पाण्याला ओढ कशी होती, ओमच्या केसांना कसं धरलं — हे सगळं मी भरत गेलो. नेमकं कुठे थांबायचं तेही मला कळायला लागलं. ओम आता माझ्यापेक्षा उंच आहे. वाढदिवसाला न चुकता येतो आणि वाकून माझ्या पाया पडतो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवतो.

आता शेवटचं. हे गेल्या मे महिन्यातलं आहे.

माझी मुलगी स्वरा पाच वर्षांची झाली. आबा आता थकलेत, पण तिच्या पोहण्याची घाई आमच्यापेक्षा त्यांनाच. तन्वी पनवेलला नोकरी करते, तिचं लग्न ठरलंय. लग्नाआधी एकदा आठ दिवस आजोळी राहून जाते म्हणून आली होती. स्वरा तिला क्षणभर सोडेना. केस तिनेच विंचरायचे, भात तिनेच कालवायचा. आई गेल्यापासून पापड बंद झाले होते, तन्वीने पुन्हा घातले, आणि खाटेजवळ लाटीसाठी हात पसरून स्वरा. ते बघताना मला वाटत होतं, सगळं ठीक झालं की. काळ गेला, पोरं मोठी झाली, कुणाचं काय बिघडलं?

नदीवर आम्ही तिघेच गेलो. तन्वी काठावर, पाण्यापासून लांब धोंड्यावर बसली. ती पाय भिजवेल एवढंही पुढे येत नाही. मी स्वराच्या पाठीवर कॅन ठेवला. स्वरा वळवळत होती, मला एक हात कमी पडत होता. मी म्हणालो, ‘तन्वी, जरा गाठ मार गं, मी कॅन धरतो.’

तिने हात मागे घेतले. अक्षरशः मागे, पाठीशी. म्हणाली, ‘नको मामा. तूच मार. माझ्या हातची नको.’

मी मारल्या. दोन. स्वरा उथळ्यात उतरली आणि मी तिच्याकडे डोळे लावून कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलो. आता मी हलत नाही तिथून. मागून तन्वीचा आवाज आला. हळू, अडखळत. मला वळून बघता येत नव्हतं, आणि ते बरंच होतं.

‘मामा, मी तुला कधी बोलले नाही. लग्न करून जायच्या आधी बोलावं असं वाटतं. त्या दिवशी… ओमला काचत होतं रे. तो रडवेला झाला होता, म्हणून मी गाठ सैल केली. मला अजून ती पट्टी बोटांत जाणवते. तू नसतास तर आज ओम नसता. आणि मी तुला साधं सॉरीपण म्हटलं नाही.’

ओमला काचत होतं — ते शब्द माझे होते. ओटीवर चहा फुंकताना मी रचलेले. ते तिने एवढी वर्षं स्वतःजवळ ठेवले, इतके की तिच्या बोटांना न सोडलेली गाठ आठवते. आणि भरल्या डोहातून भावाला घेऊन पलीकडे गेलेली ती? ती मुलगी कुठे गेली? तिला तर तन्वी ओळखतही नाही. तिला मी एकटाच ओळखतो.

नदीवर दुसरं कुणी नव्हतं. आबा घरी होते. सोयरीक मोडायची भीती नव्हती, चौकची ती मुलगी आता माझ्याच घरात माझ्या लेकीसाठी पन्हं करत होती. मला कुणाची भीती नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं फक्त, आणि ती इतक्या जवळ बसली होती की ओरडायचीही गरज नव्हती.

मी स्वराला काठावर घेतलं. तन्वीपाशी गेलो. तिचे डोळे भरले होते. मी ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणालो, ‘जाऊ दे गं. लहान होतीस तू. मी कधीच मनात ठेवलं नाही.’

मी तिला माफ केलं.

तिने डोळे पुसले. किती वर्षांनी कुणास ठाऊक, पण मोकळी हसली. म्हणाली, ‘थँक्यू मामा.’

मी म्हणालो, असू दे.